आगमनकाळ घरात जपताना

यंदा, म्हणजे 2026 मध्ये, आगमनकाळाचा, म्हणजे नाताळची वाट पाहण्याच्या चार रविवारांच्या काळाचा, पहिला रविवार 29 नोव्हेंबरला येत आहे. प्रेषित अंद्रिया यांचा स्मरणदिन 30 नोव्हेंबरला असतो आणि त्याच्या सर्वांत जवळचा रविवार हा आगमनकाळाचा पहिला रविवार, असा पश्चिमेकडील मंडळ्यांचा, म्हणजे ख्रिस्ती चर्चचा, जुना संकेत आहे. त्यामुळे हा दिवस 27 नोव्हेंबर ते 3 डिसेंबर यांच्या दरम्यान मागेपुढे होतो आणि हा काळही कधी 22 दिवसांचा, तर कधी 28 दिवसांचा भरतो. यंदा तो 26 दिवसांचा आहे. दिवाळी नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात संपलेली असेल, तुळशीची लग्ने आटोपून लग्नसराई सुरू झालेली असेल, मुलांच्या शाळांत स्नेहसंमेलनाच्या तालमी चालू असतील, आणि लष्कर भागातल्या दुकानांत आकाशकंदील उतरवून त्याच दोऱ्यांवर नाताळच्या चांदण्या चढू लागल्या असतील. पुण्यातल्या मराठी ख्रिस्ती कुटुंबाला आगमनकाळ पाळायचा असेल, तर या सगळ्या गर्दीतून वाट काढूनच तो पाळावा लागतो.

या विषयावर लिहावेसे वाटले, कारण आपल्या अनेक घरांत आगमनकाळ नावापुरता उरला आहे. चर्चमध्ये मेणबत्ती पेटते, पाळकसाहेब उपदेशात त्याचा उल्लेख करतात, आणि घरी परतल्यावर मात्र थेट नाताळ सुरू होतो. पहिल्या आठवड्यातच झाड उभे राहते, केक कापला जातो, नाताळची गाणी कानावर पडू लागतात, आणि 25 डिसेंबर उजाडतो तेव्हा घरातली माणसे थकलेली आणि मुले कंटाळलेली असतात. माझे मत असे आहे की आगमनकाळाची तयारी काही आणण्याने सुरू होत नाही. काही गोष्टी बाजूला ठेवण्याने, काहींना नकार देण्याने ती सुरू होते. हा निर्णय पहिल्या रविवारी सकाळी घाईघाईने घेता येत नाही. त्यासाठी नोव्हेंबरच्या मध्यावरच घरातल्या लहानथोरांनी एकत्र बसावे लागते.

जुन्या मंडळीला हे चांगले ठाऊक होते. पाचव्या शतकात गॉल प्रांतातील, म्हणजे आजच्या फ्रान्समधील, तूर येथील बिशप पर्पेतुअस यांनी 11 नोव्हेंबरपासून, म्हणजे संत मार्टिन यांच्या दिवसापासून, नाताळपर्यंत आठवड्यातले तीन दिवस उपवास करण्याचा नियम घालून दिला होता. पुढे रोममध्ये हा काळ चार रविवारांचा झाला, उपवासाची कडक शिस्त हळूहळू सैल झाली, पण वेदीवरचे जांभळे वस्त्र राहिले. लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळात, दिसणारा हाच रंग वर्षाच्या शेवटी पुन्हा दिसतो, तो आत्मपरीक्षणासाठी. या काळात मंडळी दोन आगमनांकडे एकाच वेळी पाहते: बेथलेहेमात झालेले पहिले आगमन आणि अजून व्हायचे असलेले दुसरे. पहिल्या रविवारची वाचने ऐकून नव्या माणसाला नवल वाटते, कारण त्यांत गव्हाणी नसते, मेंढपाळ नसतात. सूर्य अंधकारमय होण्याच्या आणि मनुष्याच्या पुत्राच्या येण्याच्या गोष्टी असतात. ज्या घराने आगमनकाळ म्हणजे नाताळची लांबवलेली सुरुवात असे धरले आहे, त्या घराला या वाचनांचे काय करावे ते कळत नाही आणि बहुधा ती वाचने घरापर्यंत पोहोचतच नाहीत.

आमच्या घरात दोन परंपरा एकत्र आल्या आहेत. माझे माहेर पंचहौदचे. गुरुवार पेठेतील पवित्र नाम देवालय 1885 मधले. तिथली उपासना अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या, वळणाची. आगमनकाळ लागला की हिरवे वस्त्र जाऊन जांभळे येते, वेदीजवळची फुले कमी होतात, देवाच्या गौरवाचे गीत या चार आठवड्यांत गायचे थांबवतात, आणि नाताळच्या रात्री ते पुन्हा सुरू होते तेव्हा उंच मनोऱ्यातल्या घंटांबरोबर सगळी मंडळी उचंबळून येते. ते गीत चार आठवडे ऐकलेले नसते, म्हणूनच ते त्या रात्री एवढे मोठे वाटते. सासर नगर जिल्ह्यातले. तिथे अमेरिकन मराठी मिशनचे काम 1831 मध्ये सुरू झाले. त्या मिशनऱ्यांची काँग्रिगेशनल परंपरा अमेरिकेच्या न्यू इंग्लंड भागातल्या, साध्या उपासनेचा आग्रह धरणाऱ्या प्युरिटन लोकांपासून आलेली असल्यामुळे रंग, मेणबत्त्या, पर्वकाळ यांना तिथे फारसे महत्त्व नव्हते. माझ्या सासूबाईंना लग्न होऊन पुण्यात येईपर्यंत आगमनकाळाची मेणबत्ती ठाऊक नव्हती. पण त्या घरात रोज संध्याकाळी सर्वांनी एकत्र बसून पवित्र शास्त्र वाचण्याचा नेम कधीही मोडला नव्हता, डिसेंबरच्या थंडीत बायका टाळ घेऊन घरोघरी भजनाला जात, आणि संदेष्ट्यांची वचने सासूबाईंना पाठ होती ती त्या सवयीमुळेच.

या दोन्ही धारा एका मंडळीत आल्या, त्याची तारीख मला नेहमी अर्थपूर्ण वाटते. सहा निरनिराळ्या मंडळ्या एकत्र येऊन नागपूरला चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली ती 29 नोव्हेंबर 1970 रोजी, आणि तो दिवसही आगमनकाळाचा पहिला रविवार होता. यंदाचे दिवस आणि तारखा अगदी त्या वर्षासारख्याच पडल्या आहेत. आमच्या घरात माहेराकडून रंग आणि मेणबत्त्या आल्या, सासरकडून रोजची कौटुंबिक प्रार्थना आली, आणि दोन्हींपैकी एक जरी नसते तरी आमचा आगमनकाळ अर्धाच राहिला असता, असे मला मनापासून वाटते.

नोव्हेंबरच्या मध्यावरच्या त्या बैठकीविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण खरी तयारी तिथेच होते. दिनदर्शिका समोर ठेवून आम्ही चारही रविवारांच्या आदल्या संध्याकाळी आधी अडवून ठेवतो आणि मग उरलेल्या दिवसांत बाकीच्या गोष्टी बसवतो. सर्वांत अवघड प्रश्न लग्नांचा असतो. आगमनकाळात लग्ने लावू नयेत असा जुना प्रघात आपल्याकडे होता. आता कार्यालये मिळत नाहीत, परदेशी असलेली मुले डिसेंबरातच सुटीवर येतात, आणि त्यामुळे पाळकांनाही नाही म्हणता येत नाही. त्याबद्दल कोणाला दोष देण्यात अर्थ नाही. जवळच्या नात्यातले लग्न असेल तर आम्ही जातो आणि आनंदाने जातो. पण दूरच्या ओळखीची स्वागत समारंभाची आमंत्रणे, कार्यालयातल्या सहकाऱ्यांनी डिसेंबरच्या सुरुवातीलाच ठरवलेल्या नाताळच्या पार्ट्या, निव्वळ सवलती आहेत म्हणून केलेली खरेदी या गोष्टींना आम्ही नम्रपणे नकार देतो. नकार देताना कारणही सांगतो. आश्चर्य वाटेल, पण हे कारण आमच्या हिंदू शेजाऱ्यांना सर्वांत लवकर समजते. शेजारच्या काकू मार्गशीर्षातले गुरुवार पाळतात, हा आमचाही व्रतासारखा काळ आहे असे सांगितल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो, "मग तुमचा उपवास कोणत्या वारी असतो?" हा. त्या प्रश्नानंतर आम्ही बुधवारी आणि शुक्रवारी साधे, सामिष नसलेले जेवण करू लागलो. मुलांवर त्याची सक्ती नाही, तरी मोठी मुलगी आता स्वतःहून त्यात सामील होते.

मेणबत्त्यांच्या चक्राचा इतिहास मुलांना सांगण्यासारखा आहे. हॅम्बर्ग शहरात योहान हिनरिख विखर्न नावाचे एक पाळक गरीब आणि निराधार मुलांसाठी आश्रम चालवत असत. नाताळ कधी येणार, असे मुले रोज विचारू लागली, म्हणून 1839 मध्ये त्यांनी लाकडी चाकावर मेणबत्त्या बसवल्या: रोजच्या दिवसासाठी लहान लाल आणि प्रत्येक रविवारसाठी मोठी पांढरी. मुलांना दिवस मोजता यावेत, वाट पाहण्याला काही दिसणारे रूप मिळावे, एवढाच त्यांचा हेतू होता. पुढे घरोघरी चार मेणबत्त्या राहिल्या, आणि आशा, शांती, आनंद व प्रीती अशी नावे त्यांना अनेक मंडळ्यांत दिली जातात. तीन जांभळ्या आणि तिसऱ्या रविवारची गुलाबी. त्या गुलाबी मेणबत्तीचे मला विशेष प्रेम आहे, कारण अर्धी वाट चालून झाल्यावर थोडा विसावा देण्याचे शहाणपण तिच्यात आहे.

पुण्यात सूचिपर्णी झाडांच्या फांद्या कुठून आणायच्या, असा प्रश्न काही जण विचारतात आणि मग प्लॅस्टिकचे हिरवे चक्र विकत घेतात. तशी काहीच गरज नाही. आम्ही पितळी परातीत ओली वाळू भरतो, तिच्यात चार मेणबत्त्या रोवतो आणि भोवती सुरूच्या किंवा आंब्याच्या डहाळ्या लावतो. आंब्याची पाने आठवड्यात वाळतात, म्हणून दर शनिवारी ती बदलतो. सुरू अधिक दिवस टिकतो. गुलाबी आणि जांभळ्या मेणबत्त्या बाजारात सहज मिळाल्या नाहीत, तर पांढऱ्या मेणबत्त्यांना त्या रंगाची फीत बांधावी. आपल्या अंगणातला हिरवेपणा येणाऱ्या प्रभूच्या स्वागताला पुरेसा आहे. धाकट्यासाठी आणखी एक जुनी जर्मन पद्धत आम्ही उचलली आहे: स्वयंपाकघराच्या दाराच्या आतल्या बाजूला खडूने रेघा ओढायच्या आणि रोज रात्री प्रार्थनेनंतर त्याने एक पुसायची. छापील आगमन-दिनदर्शिका, ज्यांत रोज एक खिडकी उघडून चॉकलेट खायचे असते, त्या या रेघांच्या नंतर आल्या. चॉकलेटला माझा विरोध नाही, पण रोज काहीतरी मिळण्यापेक्षा रोज काहीतरी कमी होणे या काळाला अधिक शोभते.

आता वाचनांविषयी. अनेक मंडळ्यांत जी तीन वर्षांची वाचनक्रमणिका वापरतात, तिचे दुसरे वर्ष येत्या आगमनकाळापासून सुरू होते, आणि त्यात मार्ककृत शुभवर्तमानावर, म्हणजे मार्कने लिहिलेल्या येशूच्या चरित्रावर, भर असतो. रविवारी चर्चमध्ये जे वाचले जाते, तेच आम्ही शनिवारी संध्याकाळी घरी आधी वाचतो आणि आठवडाभर त्याचे तुकडे पुन्हा वाचतो. पहिल्या रविवारी मार्कच्या तेराव्या अध्यायातला घर सोडून परदेशी जाणारा माणूस भेटतो. तो प्रत्येक चाकराला आपापले काम नेमून देतो आणि द्वारपाळाला जागे राहण्याची आज्ञा देतो. हा दृष्टान्त मुलांना समजावायला फार शब्द लागत नाहीत. आमच्या इमारतीचे रखवालदार काका रात्री ज्याप्रमाणे फाटकाशी बसतात, कोण कोणत्या गाडीने किती वाजता परतणार हे त्यांना ठाऊक नसते, पण आवाज आला की ते उठलेले असतात, तेवढे सांगितले की पुरते. जागे राहणे म्हणजे भीतीने ताटकळणे नव्हे, आपल्याला नेमून दिलेले काम करीत राहणे, हे त्या दृष्टान्तात स्पष्ट आहे.

दुसरा रविवार यंदा 6 डिसेंबरला आहे, आणि आमच्या घरात त्या तारखेला दुहेरी अर्थ आहे. सासरचे पूर्वज गावकुसाबाहेरच्या वस्तीतून ख्रिस्ती मंडळीत आले. त्याच कुटुंबाची दुसरी शाखा पुढे बौद्ध झाली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे निधन 6 डिसेंबर 1956 रोजी झाले, आणि आमचे ते नातेवाईक त्या दिवशी दादरला चैत्यभूमीवर जातात. त्या रविवारी मंडळीत संदेष्टा यशया याच्या पुस्तकाचा चाळिसावा अध्याय वाचला जाईल: अरण्यात परमेश्वरासाठी मार्ग तयार करा, प्रत्येक खोरे वर येवो, प्रत्येक डोंगर खाली येवो, उंचसखल जागा सपाट होवो. आमच्या आजेसासऱ्यांच्या पिढीने हे वचन ऐकले तेव्हा ते केवळ आध्यात्मिक उपमा म्हणून ऐकले नव्हते. ज्यांना गावाच्या रस्त्याने सरळ चालता येत नव्हते, त्यांना संदेष्टा सांगत होता की देव येणार आहे तो सपाट केलेल्या रस्त्याने येणार आहे. म्हणून त्या संध्याकाळी दुसरी मेणबत्ती लावताना आम्ही मुलांना बाबासाहेबांविषयीही सांगतो, पाण्यासाठी आणि देवळासाठी माणसांना का झगडावे लागले ते सांगतो, आणि आज आपल्या मंडळीत, आपल्या सोयरिकींत जातीची उंचसखल जागा कुठे उरली आहे याचाही विचार करतो. हा विषय आगमनकाळात नको, असे मला एका वडीलधाऱ्या व्यक्तीने सुचवले होते. मला ते मान्य नाही. योहान बाप्तिस्मा करणारा लोकांना पश्चात्तापासाठी बोलावत होता, आणि आपल्या समाजात पश्चात्ताप करण्याजोगे जे आहे त्यात हे सर्वांत वर आहे.

तिसऱ्या रविवारच्या यशयाच्या वाचनात दीनांना सुवार्ता आणि बंदिवानांना सुटका आहे. चौथ्या रविवारी देवदूत मरीयेकडे येतो, आणि त्या आठवड्यात आम्ही लूककृत शुभवर्तमानाचा पहिला अध्याय अखंड वाचून काढतो. त्यात मला सर्वाधिक जवळचा वाटतो तो जखऱ्या. म्हातारपणी पुत्र होणार या वचनावर त्याचा विश्वास बसला नाही म्हणून त्याची वाचा गेली, आणि त्या पुत्राच्या, म्हणजे बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाच्या, जन्मानंतर त्याचे नाव पाटीवर लिहून देईपर्यंत तो मुका राहिला. त्या दीर्घ शांततेनंतर त्याच्या तोंडून पहिले निघाले ते स्तोत्र. वाट पाहण्यात मौनाचे एवढे मोठे स्थान आहे, हे आपल्या भजनप्रिय मराठी मंडळीने लक्षात घ्यावे असे मला वाटते. मरीयेचे स्तोत्र मात्र आम्ही उभे राहून मोठ्याने म्हणतो. सत्ताधीशांना आसनांवरून खाली ओढणारा, दीनांना उंच करणारा, भुकेल्यांना तृप्त करणारा आणि धनवानांना रिकामे लावून देणारा देव एका खेड्यातल्या मुलीच्या तोंडून प्रकट होतो, आणि जन्म अजून व्हायचा आहे.

मराठीत ही वाट पाहण्याची कथा सांगण्याची परंपरा चारशे वर्षांची आहे, हेही मुलांना कळावे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण 1616 मध्ये गोव्यातील रायतूर येथे छापले गेले. सुमारे 11,000 ओव्यांच्या या ग्रंथाचे त्यांनी दोन भाग केले, आणि त्यातले पहिले पुराण संपूर्णपणे ख्रिस्तजन्मापूर्वीच्या कथेला दिले: उत्पत्ती, पतन, कुलपती, राजे, संदेष्टे, आणि तारणाऱ्याची आशा. इंग्लंडहून आलेल्या या धर्मगुरूला थेट गव्हाणीपाशी जाण्याची घाई नव्हती. श्रोत्यांच्या मनात आधी तहान निर्माण व्हावी, याची त्यांनी काळजी घेतली. तिसऱ्या आठवड्यात एखाद्या संध्याकाळी आम्ही त्यातल्या काही ओव्या चालीवर म्हणतो. भाषा जुनी आहे, कोकणी वळणाचे शब्द अडतात, पण ओवीची लय सगळ्यांना लगेच सापडते.

स्वयंपाकघराची तयारी टाळता येत नाही आणि टाळूही नये. आगमनकाळाच्या आधीच्या रविवारी, यंदा 22 नोव्हेंबरला, आम्ही केकसाठी सुकामेवा भिजत घालतो: मनुका, बेदाणे, जर्दाळू, काजू, किसलेली संत्र्याची साल, आणि ते बुडेल एवढा संत्र्याचा रस किंवा रम. अँग्लिकन प्रार्थनापुस्तकातील त्या रविवारची प्रार्थना अशी आहे की, हे प्रभू, तुझ्या विश्वासू लोकांच्या इच्छाशक्तीला चेतना दे म्हणजे ते सत्कर्मांची फळे देतील. आणि इंग्लंडमध्ये त्याच दिवशी नाताळच्या पुडिंगचे मिश्रण घरातल्या प्रत्येकाने ढवळण्याची रीत पडली. आम्हीही बरणीतले मिश्रण एकेकाने ढवळतो आणि ती प्रार्थना मराठीत म्हणतो. रस वापरला असेल तर बरणी फ्रीजमध्ये ठेवावी, नाहीतर आंबते. करंज्या, शंकरपाळ्या, चकल्या, अनारसे हा फराळ मात्र आम्ही चौथ्या आठवड्यापर्यंत करीत नाही. अनारशांचे पीठ आधी करून ठेवावे लागते, त्याचा अपवाद.

चांदणी कधी लावावी यावर आमच्याकडे बराच विचार झाला. कडकपणे पाहिले तर ती नाताळचीच, पण बाळ येशूच्या दर्शनाला पूर्वेकडून आलेल्या मागी लोकांना, म्हणजे ज्ञानी पुरुषांना, वाट दाखवणारा तारा वाटेतल्या माणसांसाठीच असतो, म्हणून पहिल्या शनिवारी गॅलरीत चांदणी लागते. झाड 20 तारखेनंतर येते. गव्हाणीचा देखावा दुसऱ्या आठवड्यात मांडतो, पण तो रिकामा: गोठा, बैल, गाढव आणि गवत एवढेच. मरीया आणि योसेफ दिवाणखान्याच्या दुसऱ्या टोकाच्या कपाटावरून निघतात आणि धाकटा त्यांना रोज थोडे पुढे सरकवतो. बाळ 24 तारखेच्या रात्रीच्या उपासनेहून परतल्यावर ठेवले जाते. देखाव्यातल्या गवतासाठी मातीच्या पसरट थाळ्यात गहू पेरतो. घटस्थापनेला शेजारी जसे धान पेरतात, तसेच हे काम आहे, आणि फ्रान्सच्या प्रोव्हान्स भागातही 4 डिसेंबरला, संत बार्बरा यांच्या दिवशी, नाताळसाठी गहू पेरतात हे कळल्यावर मला फार आनंद झाला होता. पुण्यात डिसेंबरात थंडी चांगली पडली तर कोंब हळू येतात, म्हणून 10 तारखेच्या आसपास पेरावे, रोज थोडेच पाणी शिंपडावे आणि उन्हाच्या बाजूला ठेवावे.

कॅरलच्या फेऱ्यांबद्दल माझे मत तरुण संघातल्या सगळ्यांना पटत नाही, तरीही ते मांडते. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातच जन्मोत्सवाची गीते घरोघरी गायली गेली, तर शेवटच्या आठवड्यात त्यांचे नावीन्य उरत नाही. नोकरी करणाऱ्या तरुणांना शनिवार-रविवारच मोकळे असतात आणि धानोरीपासून वानवडीपर्यंत पसरलेल्या मंडळीतली सगळी घरे एका आठवड्यात होत नाहीत, ही त्यांची अडचण खरी आहे. म्हणून पहिल्या दोन शनिवारी आगमनकाळाची भजने आणि संदेष्ट्यांची वचने घेऊन जावे, विशेषतः अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांकडे, आणि जन्मगीते तिसऱ्या रविवारनंतर सुरू करावीत, अशी माझी सूचना आहे.

पैशाचा आणि नात्यांचा हिशेब हा तयारीचा सर्वांत कठीण भाग. आम्ही दानाची रक्कम पहिल्या रविवारच्या आधी ठरवतो आणि कोणतीही खरेदी करण्यापूर्वी ती वेगळी काढतो, कारण खरेदीनंतर उरलेले द्यायचे ठरवले की फारसे काही उरत नाही. घरकामाला येणाऱ्या मावशींचा वर्षाअखेरचा पगार आणि भेट याच वेळी देतो, म्हणजे त्यांनाही त्यांच्या घरच्या गरजांसाठी वेळेवर हाताशी पैसे असतात. नात्यांच्या बाबतीत प्रभूचे वचन स्पष्ट आहे: वेदीजवळ अर्पण नेल्यावर आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे हे आठवले, तर अर्पण तिथेच ठेवून आधी समेट करावा. आपल्या घराण्यांत वाटणीवरून, लग्नातल्या मानपानावरून, कधी चर्चच्या निवडणुकीवरून वर्षानुवर्षे अबोला चालतो, आणि दोन्ही बाजूंची माणसे एकाच प्रभुभोजनाला एकामागोमाग जातात. आगमनकाळातल्या दुसऱ्या आठवड्यात घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाने अशा एका व्यक्तीशी बोलावे, असे आम्ही ठरवले आहे. समोरच्याने प्रत्येक वेळी प्रतिसाद दिलाच असे नाही. तरीही फोन करणे आपल्या हाती असते, आणि पुढच्या वर्षी तो पुन्हा करता येतो.

24 डिसेंबरच्या संध्याकाळी दाराच्या आतली शेवटची रेघ पुसली जाते, परातीच्या मध्यभागी पांढरी मेणबत्ती येते, जांभळी फीत काढून ठेवली जाते आणि मंडळी रात्रीच्या उपासनेला निघते. त्यानंतरचे दिवस आम्ही सैल सोडत नाही. मंडळीच्या परंपरेत नाताळ 25 डिसेंबरपासून 5 जानेवारीपर्यंत बारा दिवस चालतो आणि 6 जानेवारीला प्रकटीकरणाचा सण येतो. या दिवसांत झाड उतरवायचे नाही, गाणी थांबवायची नाहीत, आणि मागी लोकांना गव्हाणीपर्यंत 6 तारखेलाच पोहोचू द्यायचे, हा आमचा नेम. आगमनकाळात ज्या आमंत्रणांना नकार दिला, त्या मंडळींना आम्ही याच बारा दिवसांत घरी जेवायला बोलावतो. ज्यांच्याकडे जाणे राहून गेले, त्यांच्याकडे फराळाचे डबे घेऊन जातो. शेजारच्या काकूंचा डबा सर्वांत आधी भरतो. एकट्या राहणाऱ्या वृद्धांच्या घरी तोपर्यंत पाहुण्यांची वर्दळ ओसरलेली असते, त्यामुळे बसून बोलायला वेळ मिळतो, आणि मुलांनी पेरलेल्या गव्हाची एखादी जुडीही आम्ही त्यांच्यासाठी नेतो.